बारीक रेघ आणि तासाचा हिशेब



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी उभी हयात पदार्थविज्ञान मराठीतून शिकवण्यात घालवली. तेव्हा आजचा विषय कितीही आडवळणाचा असला तरी तो फळ्यावर खडूने मांडता येईल इतपत सोपा करून सांगायचा, अशी खूणगाठ बांधूनच मी आलो आहे. गेली चार-पाच वर्षे चिपविषयी वर्तमानपत्रांत सारखे काहीतरी छापून येते. सूर बहुधा एकच असतो: अमक्या देशाने इतक्या नॅनोमीटरची चिप केली, तमका मागे पडला. वाचणाऱ्याला वाटावे की सगळे एकाच रस्त्यावरून धावताहेत आणि कोण किती पुढे गेला एवढेच पाहायचे आहे. रस्ते अनेक होते. काही मध्येच बंद पडले, काहींवर कोट्यवधी डॉलर ओतून ते सोडून द्यावे लागले, आणि आज ज्यावर सगळ्यात जास्त गर्दी आहे त्याला एके काळी जाणकारांनीच वेड्यात काढले होते. त्या रस्त्यांची ही हकिगत.

आधी चिप करतात कशी ते थोडक्यात सांगतो. चिप छापली जाते. सिलिकॉनची ३०० मिलिमीटर व्यासाची चकचकीत चकती घेतात, तिला वेफर म्हणतात. तिच्यावर प्रकाश पडला की ज्याचे रासायनिक रूप बदलते असा पातळ लेप देतात, तो रेझिस्ट. मंडलाचा नकाशा एका काचेवर काढलेला असतो, तो मास्क. मास्कमधून प्रकाश पाठवायचा, भिंगांच्या रांगेतून तो नकाशा चौपट लहान करायचा आणि वेफरवर पाडायचा. मग लेप धुतला की नको तिथला निघून जातो आणि उघड्या पडलेल्या जागी कोरता येते. असे थरावर थर, कित्येक डझन वेळा. या छपाईला लिथोग्राफी म्हणतात. आजचे भांडण मुख्यतः या छपाईचे आहे.

रेघ किती बारीक निघेल हे दोन गोष्टींवर ठरते: प्रकाशाची तरंगलांबी किती आखूड आहे आणि भिंग किती रुंद कोनातून येणारा प्रकाश गोळा करते. लॉर्ड रॅले यांचे हे सूत्र आपल्यापैकी अनेकांनी बी.एस्सी.ला पाठ केले असेल. सूत्र पाहिले की माणसाला वाटते, उत्तर सोपे आहे. तरंगलांबी कमी करत जा.

पण कारखाना सूत्रावर चालत नाही. समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी ऊस आहे, म्हणून एक उदाहरण देतो. साखर कारखान्याची पत दोन आकड्यांवर ठरते: रोजचे गाळप किती आणि साखरेचा उतारा किती. चिपच्या कारखान्याचे, म्हणजे फॅबचेही तेच. तासाला किती वेफर छापून निघाल्या हे गाळप, आणि एका वेफरवरच्या शेकडो चिपांपैकी किती धड निघाल्या हा उतारा. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे की गेल्या चाळीस वर्षांत चिप छापण्याच्या ज्या ज्या पद्धती एकमेकींसमोर उभ्या राहिल्या, त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांना बारीक रेघ काढता येत होती. निकाल दर वेळी गाळप आणि उतारा यांनीच लावला.

सगळ्यात देखणी वाट क्ष-किरणांची. त्यांची तरंगलांबी इतकी आखूड की रॅले यांच्या सूत्राची चिंताच मिटते. आयबीएमने यावर मोठी पैज लावली. न्यूयॉर्क राज्यातल्या ईस्ट फिशकिल येथे चिपच्या कारखान्याशेजारी चक्क सिंक्रोट्रॉन बसवला, म्हणजे इलेक्ट्रॉनांना गोल फिरवून क्ष-किरण काढणारे यंत्र. रेघा उत्तम निघाल्या. अडचण अशी की क्ष-किरणांना वाकवून नकाशा लहान करणारे भिंग मिळत नाही. त्यामुळे चिपवरची रेघ जेवढी बारीक, तेवढीच बारीक रेघ मास्कवरही हवी, आणि तो मास्क एका पातळ पापुद्र्यावर काढून वेफरच्या अगदी जवळ धरायचा. पापुद्रा किंचित ताणला गेला की नकाशा बिघडला. इकडे साध्या प्रकाशाची भिंगे दरवर्षी सुधारत गेली आणि क्ष-किरणांची गरजच पडेना. नव्वदच्या दशकात ही वाट ओस पडली.

दुसरी वाट इलेक्ट्रॉनांच्या झोताची. यात मास्क लागतच नाही, झोत लेखणीसारखा फिरवून थेट वेफरवर लिहायचे. प्रयोगशाळेत या पद्धतीने दहा नॅनोमीटरच्या रेघा फार पूर्वीच काढल्या गेल्या होत्या. पण एक झोत, एक रेघ, मग दुसरी रेघ! अब्जावधी ट्रान्झिस्टर असे लिहीत बसायचे तर एका वेफरला तासांमागून तास जातील. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरात मॅपर नावाच्या कंपनीने यावर तोड काढली: एक झोत पुरत नसेल तर हजारो झोत एकदम चालवू. पण २०१८च्या डिसेंबरात ती कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि पुढच्या महिन्यात तिचे पेटंट छपाईची यंत्रे बनवणाऱ्या एएसएमएल या तिथल्याच कंपनीने विकत घेतले. तरी इलेक्ट्रॉनांचा झोत चिपच्या जगातून गेला असे समजू नका. आजही प्रगत चिपांचे मास्क त्यानेच लिहितात. मास्क लिहायला अख्खा दिवस लागला तरी बिघडत नाही, कारण एका मास्कवरून पुढे हजारो वेफर छापायच्या असतात.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा विषय घेतला तिकडे वळतो. साल २००२. तोपर्यंत उद्योग २४८ नॅनोमीटरच्या प्रकाशावरून १९३ वर आला होता. दोन्ही अतिनील, डोळ्यांना न दिसणारे. पुढची पायरी १५७ नॅनोमीटर, हे जगभरच्या कंपन्यांनी गृहीत धरले होते. लेसर तयार होत होते, यंत्रांचे आराखडे झाले होते, शंभर कोटी डॉलरच्या आसपास खर्चही झाला होता. आणि अडचणी एकेक करून पुढे येत होत्या. १५७ नॅनोमीटरचा प्रकाश हवेतला ऑक्सिजन आणि बाष्प गिळून टाकतात, म्हणून प्रकाशाच्या वाटेतून हवा काढून नायट्रोजन भरावा लागे. नेहमीची क्वार्ट्झची भिंगे त्याला पुरेशी पारदर्शक नाहीत, म्हणून कॅल्शियम फ्लोराइडचे मोठमोठे स्फटिक वाढवावे लागत, आणि असा एकेक स्फटिक वाढायला महिने जात. त्यात २००१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की हा स्फटिक कितीही शुद्ध केला तरी एवढ्या आखूड तरंगलांबीला तो प्रकाशाचे दोन वाटे करतो. म्हणजे दोष कारागिरीत नव्हता, स्फटिकाच्या घडणीतच होता. मास्कवर धूळ बसू नये म्हणून जी पारदर्शक फिल्म ताणून बसवतात तीही या प्रकाशात काळवंडून जाई.

अशा वेळी १५७ नॅनोमीटरवाल्यांच्याच एका परिषदेत तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीचे बर्न लिन बोलायला उभे राहिले. लिन यांचा जन्म व्हिएतनाममधला, डॉक्टरेट अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाची, आणि नोकरीची बावीस वर्षे आयबीएममध्ये. तिथे क्ष-किरणांचा गाजावाजा चालू असताना हे गृहस्थ साध्या प्रकाशाला धरून बसले होते. २००० साली ते तैवानला टीएसएमसीत आले. त्यांनी परिषदेत एक भागाकार करून दाखवला. १९३ नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी पाण्याचा अपवर्तनांक १.४४ आहे. १९३ ला १.४४ ने भागा. उत्तर येते १३४. भिंग आणि वेफर यांच्यामध्ये हवेऐवजी पाणी ठेवले तर जुन्याच लेसरने, जुन्याच क्वार्ट्झच्या भिंगांनी १५७ च्याही पुढे जाता येते.

मी प्रकाशशास्त्र शिकवत असे आणि हा भागाकार पहिल्यांदा वाचला तेव्हा हसूच आले. कारण यातले तत्त्व आपल्या तालुक्याच्या पॅथॉलॉजी लॅबमध्येही वापरात आहे. मलेरियाचे जंतू पाहायचे असले की तंत्रज्ञ काचेवर तेलाचा थेंब टाकतो आणि सूक्ष्मदर्शकाचे भिंग त्यात बुडवतो. हे तेलातले भिंग एर्न्स्ट आबे यांनी जर्मनीत कार्ल झाइसच्या कारखान्यात १८७०च्या दशकाच्या अखेरीस रूढ केले. योगायोग असा की एएसएमएलच्या यंत्रांतली भिंगे आजही झाइसच करते. म्हणजे सव्वाशे वर्षे तत्त्व सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते. छपाईत पाणी वापरण्याची कल्पनाही लिन यांच्या आधी मांडली गेली होती. नवे होते ते 'आत्ता, याच पायरीला, १५७ सोडून' हे म्हणण्याचे धाडस. ज्यांचे पैसे आणि नोकऱ्या १५७ मध्ये अडकल्या होत्या त्यांना ते गोड वाटणे शक्यच नव्हते.

आक्षेप खोटेही नव्हते. सूक्ष्मदर्शकाखालची काच जागेवर असते. इथे वेफर भिंगाखालून भन्नाट वेगाने पुढेमागे पळत असते. पाण्यात एक बुडबुडा आला की तेवढ्या जागचा नकाशा बिघडतो. वेफर पळताना मागे पाण्याचा थेंब राहिला आणि वाळला की त्याचे कडे उमटते. लेपातली रसायने पाण्यात उतरून भिंग खराब करू शकतात. पाणी अंशभर तापले तरी अपवर्तनांक हलतो. टीएसएमसी आणि एएसएमएल यांच्या माणसांनी पुढची काही वर्षे याच क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींशी झुंज दिली: पाण्यातला विरघळलेला वायू आधी काढून टाकायचा, भिंगाखाली फक्त एक छोटे तळे राखायचे, त्याच्या कडेने सतत शोषून घ्यायचे, लेपावर पाणी न धरणारा आणखी एक लेप द्यायचा. या कामात पुरस्कार मिळवून देणारे असे काही दिसत नाही. उतारा मात्र यातूनच आला.

२००३च्या मे महिन्यात इंटेलने १५७ नॅनोमीटरला आपल्या आराखड्यातून वगळले आणि ती वाट संपली. त्याच वर्षाच्या अखेरीस एएसएमएलने पाण्याचे पहिले नमुना यंत्र दाखवले. जपानची निकॉनही या शर्यतीत उतरली आणि तिची यंत्रेही चांगली होती. पण एएसएमएलच्या हाती आणखी एक पत्ता होता. तिच्या यंत्रात वेफर ठेवायची दोन आसने होती. एका वेफरवर छपाई चालू असताना दुसरीचे मोजमाप होऊन ती तयार राहायची. छपाई थांबतच नसे. पुन्हा गाळप! आज हे पाण्याचे यंत्र तासाला पावणेतीनशेहून जास्त वेफर छापते.

इंटेलचे तेव्हाचे वागणेही पाहण्यासारखे आहे. २००७ साली ४५ नॅनोमीटरची पिढी आणताना तिने पाणी वापरलेच नाही. जुन्या कोरड्या यंत्रावर एकाच थराची दोनदा छपाई करून काम भागवले आणि २००९ला पुढच्या पिढीत पाण्यात उतरली. तेव्हा इंटेलचा सगळ्या जगात दबदबा होता आणि तिची ही काटकसर शहाणपणाची ठरली. हे लक्षात ठेवा, कारण हीच सवय पुढे अंगाशी आली.

आता ईयूव्ही, म्हणजे १३.५ नॅनोमीटरचा अतितीव्र अतिनील प्रकाश. हा प्रकाश हवाच काय, काचसुद्धा गिळून टाकते. म्हणून सगळे यंत्र निर्वातात ठेवायचे आणि भिंगांऐवजी आरसे वापरायचे. हे आरसे मोलिब्डेनम आणि सिलिकॉनच्या डझनावारी पातळ थरांचे. तरीही एकेक आरसा तीसेक टक्के प्रकाश खातो. दहा-अकरा आरशांवरून फिरून प्रकाश वेफरपर्यंत येतो तेव्हा जेमतेम दोन टक्के उरलेला असतो. जपानच्या एनटीटी कंपनीतले हिरोओ किनोशिता यांनी १९८६ साली अशा प्रकाशाने प्रतिमा उमटवल्याचे जाहीर केले तेव्हा श्रोत्यांचा विश्वास बसला नाही. पुढे १९९७ साली इंटेलच्या पुढाकाराने अमेरिकन कंपन्यांनी एक संघ केला आणि अणुबाँबसाठी प्रसिद्ध असलेल्या लॉरेन्स लिव्हरमोरसारख्या सरकारी प्रयोगशाळांना कामाला लावले. त्या संघात नेदरलँड्सच्या एएसएमएलला घेतले गेले, जपानच्या निकॉनला नाही. आज एएसएमएल ही जगात ईयूव्ही यंत्रे विकणारी एकमेव कंपनी आहे, त्याच्या मुळाशी हा निर्णय आहे.

रेघ निघते हे तर १९८६लाच कळले होते. मग कारखान्यात यायला तीस वर्षे का लागली? उजेड कमी पडत होता म्हणून.

हा उजेड काढतात कसा ते ऐका. वितळलेल्या कथलाचे थेंब, सेकंदाला पन्नास हजार, निर्वातातून झेपावत असतात. एकेका थेंबाचा व्यास पंचवीस-तीस मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही बारीक. प्रत्येक थेंबावर लेसरचा पहिला हलका मारा होतो आणि थेंब चपटा होतो. लगेच दुसरा, प्रचंड मारा; कथलाचा लाखो अंश तापमानाचा प्लाझ्मा होतो आणि त्यातून १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश बाहेर पडतो. तो मागच्या वाडग्याच्या आकाराच्या आरशाने गोळा करायचा. त्याच आरशावर कथलाची वाफ बसून तो आंधळा होऊ नये म्हणून हायड्रोजनचा झोत सोडत राहायचा. सेकंदाला एक लाख मारे, आणि नेम चुकायला नको. कथलाऐवजी झेनॉन वायू, लेसरऐवजी विजेचा ठिणगी-स्रोत अशाही वाटा चाचपून झाल्या. त्या मागे पडल्या.

२०१० साली कारखान्यांना दिलेल्या पहिल्या यंत्रांचा उजेड इतका मंद होता की तासाला मोजक्याच वेफर निघत. यंत्र काम करते पण कारखाना चालत नाही, अशी स्थिती. २०१२ला एएसएमएलने आपल्याच गिऱ्हाइकांकडे हात पसरले. इंटेलने १५ टक्के, टीएसएमसीने ५ टक्के आणि सॅमसंगने ३ टक्के हिस्सा घेतला आणि संशोधनालाही पैसे दिले. त्याच पैशाच्या आणि विश्वासाच्या जोरावर एएसएमएलने उजेड करणारी सायमर ही अमेरिकन कंपनीच विकत घेतली. २५० वॅट उजेड मिळाला तर तासाला सव्वाशे वेफर निघतील असा हिशेब होता. तो आकडा गाठायला २०१७ साल उजाडले. २०१८-१९ मध्ये सॅमसंग आणि टीएसएमसी यांच्या फॅबमध्ये ईयूव्ही खऱ्या उत्पादनाला लागले.

उजेड पुरेसा झाल्यावरही एक पेच राहतोच. या प्रकाशाचा एकेक कण जुन्या १९३च्या कणापेक्षा सुमारे चौदापट ऊर्जेचा असतो. म्हणजे तेवढ्याच ऊर्जेत कण चौदापट कमी. लेपावर कण विरळ पडले की कुठे जास्त, कुठे कमी, असे होते. रेघेच्या कडा खरबरीत होतात आणि एखादे भोक उघडायचेच राहते. उजेड जास्त वेळ दिला तर कडा सुधारतात, पण तासाच्या वेफर घटतात. उतारा वाढवा तर गाळप घटते, गाळप वाढवा तर उतारा घटतो.

ईयूव्ही येत नव्हते त्या दहा वर्षांत सगळ्यांनी काय केले? पाण्याच्या यंत्रालाच पिळून घेतले. पाण्याच्या एका छपाईत रेघ आणि शेजारची मोकळी जागा मिळून ७६ ते ८० नॅनोमीटरपेक्षा कमी अंतर काढता येत नाही. मग युक्ती अशी: आधी जाडसर रेघ काढायची, तिच्या दोन्ही अंगांना एक पातळ थर चढवायचा, मग मधली रेघ कोरून काढून टाकायची. उरतात दोन भिंती. एका रेघेच्या दोन झाल्या, अंतर निम्म्यावर आले, म्हणजे ३८ ते ४०. आणखी एकदा हेच केले तर दोनाच्या चार, अंतर पाव. कागदावर किती छान! पण प्रत्येक फेरीत थर चढवणे, कोरणे, धुणे, मोजणे अशी नवी कामे येतात आणि प्रत्येक कामात चूक व्हायला वाव असतो.

टीएसएमसीने २०१८ साली आपली ७ नॅनोमीटरची पिढी आणली. (यात सात नॅनोमीटरचे असे काहीच नसते, ते आता गाडीच्या मॉडेलसारखे नाव झाले आहे.) तिच्या सर्वांत दाट धातूच्या रेघांमधले अंतर होते ४० नॅनोमीटर. म्हणजे दुप्पट करण्याच्या युक्तीने जिथवर जाता येते त्याच्या अगदी काठावर ती थांबली. इंटेलने आपल्या १० नॅनोमीटरच्या पिढीत ३६ ठरवले. फरक चार नॅनोमीटरचा, पण ३६ साठी चौपटीची युक्ती लागते. शिवाय इंटेलला एका उडीत ट्रान्झिस्टरांची दाटी २.७ पट करायची होती. तांब्याऐवजी काही ठिकाणी कोबाल्ट घातले, जोडण्या थेट ट्रान्झिस्टरच्या डोक्यावर आणल्या. एकेक गोष्ट जमण्यासारखी होती. सगळ्या मिळून उतारा बसेना. जी पिढी २०१६च्या सुमाराला यायची ती मोठ्या प्रमाणावर यायला २०१९ उजाडले. २०१८च्या एप्रिलमध्ये इंटेलचे तेव्हाचे प्रमुख ब्रायन क्र्झानिच यांनी गुंतवणूकदारांपुढे कबूल केले की काही थरांना चार, पाच, सहा वेळा छपाई लागते आणि उताऱ्याची अडचण त्यातून आहे.

पूर्वी कोरड्या यंत्रावर जे शहाणपण फळले होते तेच, जुन्या यंत्राला एक पिढी जास्त ओढण्याचे, इथे महागात पडले. आणि गंमत पाहा, ईयूव्हीसाठी २०१२ला सर्वांत जास्त पैसे मोजणाऱ्या इंटेलची ईयूव्हीवर छापलेली पहिली पिढी २०२३ला बाजारात आली. तोवर तैवान कुठल्या कुठे गेले होते. इंटेलच्या अभियंत्यांना कमी लेखणे हा मूर्खपणा होईल. त्यांनी घेतलेला पेपर सर्वांत अवघड होता, आणि तो तसा घ्यायची सक्ती कुणी केली नव्हती.

चीनबद्दल थोडेच बोलतो, कारण त्याविषयी सगळेच बोलतात. अमेरिकेच्या दबावामुळे नेदरलँड्सने २०१९पासून चीनला ईयूव्ही यंत्र पाठवण्याचा परवाना दिलेला नाही. तरी २०२३च्या ऑगस्टमध्ये ह्वावेचा मेट ६० प्रो फोन आला आणि त्यात शांघायच्या एसएमआयसीने ७ नॅनोमीटरच्या पिढीत केलेली चिप निघाली. काही लोकांनी त्याला चमत्कार म्हटले, काहींनी चोरी. टीएसएमसीने २०१८ला ईयूव्हीशिवाय ७ नॅनोमीटर केलेच होते, तेव्हा हे शक्य आहे याबद्दल शंका असण्याचे कारणच नव्हते. प्रश्न एका चिपला किती खर्च येतो हा आहे, आणि जिथे सरकार तोटा सोसायला तयार असते तिथे तो प्रश्न बरीच वर्षे पुढे ढकलता येतो.

एका वाटेबद्दल माझ्या मनात हळवा कोपरा आहे, ती ठशांची. १९९५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात स्टीफन चौ यांनी दाखवले की प्रकाशाची भानगडच नको. बारीक नक्षी कोरलेला साचा मऊ लेपावर दाबला तर नक्षी जशीच्या तशी उमटते. पुढे टेक्सास विद्यापीठातल्या ग्रँट विल्सन आणि एस. व्ही. श्रीनिवासन या प्राध्यापकांनी मॉलेक्युलर इम्प्रिंट्स ही कंपनी काढली. ती जपानच्या कॅननने २०१४ला घेतली. २०२३च्या ऑक्टोबरात कॅननने ठशाचे यंत्र विक्रीला काढले. त्याने १४ नॅनोमीटरची रेघ निघते. कथलाचे थेंब नाहीत, निर्वातातले आरसे नाहीत, वीज अगदीच कमी. एवढ्या सगळ्या गुणांवर पाणी पाडणारी गोष्ट एकच: साचा वेफरला टेकतो. धुळीचा एक कण मध्ये सापडला की त्या जागचा ठसा तर बिघडतोच, साचाही बिघडतो, आणि मग पुढच्या प्रत्येक ठशात तोच दोष. थरावर थर नेमका बसवणेही जड जाते. म्हणून या वाटेवर आधी उतरली ती किऑक्सियासारखी मेमरी बनवणारी कंपनी. मेमरीत काही घरे खराब निघाली तर राखीव घरे वापरता येतात. प्रोसेसरमध्ये ती सोय फारशी नाही. ठशाची पद्धत मेमरीत आपली जागा करील, ईयूव्हीला हटवणार नाही, असे माझे मत आहे.

आता आपल्याकडे. गुजरातेत धोलेरा येथे टाटांचा तैवानच्या पॉवरचिपबरोबर ९१,००० कोटी रुपयांचा फॅब उभा राहतो आहे. महिन्याला ५०,००० वेफरची क्षमता आणि सर्वांत प्रगत पिढी २८ नॅनोमीटरची. हे जाहीर झाले तेव्हा बरीच नाके मुरडली गेली: जग २ नॅनोमीटरवर गेले आणि आपण २८ घेऊन बसलो! मला ही निवड पटते. २८ ही साधारणपणे शेवटची पिढी, जिथे पाण्याच्या यंत्रावर बहुतेक थर एकाच छपाईत निघतात. तिथून खाली उतरले की रेघा दुप्पट-चौपट करण्याचे खेळ सुरू होतात. मोटारी, विजेची मीटर, टीव्हीचे पडदे यांना लागणाऱ्या कितीतरी चिपा याच पिढ्यांत बनतात. आपल्याकडे सरकारी फॅब आहे तो मोहालीचा, १८० नॅनोमीटरचा; तोही १९८९च्या आगीतून सावरून उभा राहिलेला. एवढ्या अनुभवावर पहिलीच उडी ईयूव्हीवर मारायची म्हणजे पैशाची राख. धोलेऱ्याला माझी शंका वेगळी आहे: २८चा उतारा तैवानमध्ये मुरलेला आहे, चीनमध्ये त्याची क्षमता भरमसाट वाढते आहे, आणि नवख्या फॅबला तो उतारा गाठायला जेवढा काळ लागेल तेवढा काळ भांडवल धीर धरील का?

शेवटी आजचे ताजे भांडण. एएसएमएलने ईयूव्हीची पुढची आवृत्ती काढली आहे, जास्त रुंद कोनाच्या आरशांची. पहिले यंत्र २०२३च्या डिसेंबरात इंटेलच्या ओरेगनमधल्या हिल्सबरो येथे गेले. किंमत पस्तीस कोटी युरोंच्या घरात. रेघ एकाच छपाईत आणखी बारीक निघते. पण आरशांच्या रचनेमुळे एका वेळी वेफरवर छापले जाणारे क्षेत्र निम्मे झाले आहे; मोठी चिप दोन तुकड्यांत छापून सांधावी लागते. टीएसएमसीच्या अधिकाऱ्यांनी २०२४ला उघडच सांगितले की यंत्र आवडले, किंमत आवडली नाही. २०२८ला यायच्या पिढीतही ते लागणार नाही असे तिने नंतर जाहीर केले. म्हणजे २००२ आणि २०१८ नंतर पुन्हा एकदा दोन कंपन्या दोन वाटांनी निघाल्या आहेत. या वेळी जुन्या यंत्राला ओढणारी टीएसएमसी आहे आणि नव्यावर पैज लावणारी इंटेल.

तुम्ही मला कौल विचाराल तर मी टीएसएमसीच्या बाजूने देईन, निदान या पिढीपुरता. ईयूव्हीवर दोनदा छपाई करण्याचा तिचा हात बसला आहे आणि ४० नॅनोमीटरला जसे काठावर थांबायचे तिला कळले तसे आताही कळेल, असा माझा अंदाज आहे. एक-दोन पिढ्यांनी मात्र तिलाही ते यंत्र घ्यावे लागेल. तोवर तुम्हांला एक विनंती. यापुढे अमक्याने तमक्या नॅनोमीटरची चिप केली अशी बातमी वाचाल तेव्हा आकडा वाचून लगेच टाळ्या वाजवू नका आणि हळहळूही नका. तासाला किती वेफर निघतात आणि त्यातल्या किती चिपा धड निघतात हे बातमीत दिले आहे का ते आधी पाहा; दिले नसेल तर संपादकांना पत्र लिहून विचारा.